नागपूरच्या आसपास रानात, टेकडीवर, तलावावर फिरायला परवानगी कुणाची घ्यायची?

झुंजुरका | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, आज सकाळी जे झालं ते आधी सांगते, मग विचारायचं ते विचारते.

मनीषनगर-नरेंद्रनगर भागातल्या सात घरांचा आमचा गट आहे. महिन्यातून एकदा मुलांना घेऊन शहराबाहेर पायी फिरायला जातो. आज काटोल रोडने निघालो, एका गावापाशी आत वळलो (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही), शाळेजवळ गाड्या लावल्या आणि टेकडी चढलो. मोठे नऊ, लहान पाच. पळस नुकता फुलायला लागलाय. पहिल्याच चढावर गवतात अर्धा बुडालेला, कधीकाळी चुना लावलेला एक दगड होता. माझ्या मुलीने त्यावर थर्मास ठेवला, आम्ही तिथेच बसून चहा प्यालो.

दीड तासाने उतरलो तर खाली वनरक्षक मोटरसायकल लावून उभा. पंचविशीतला पोरगा. आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, "परवानगीचं पत्र दाखवता का?" आम्ही म्हटलं, कुंपण नाही, पाटी नाही, सरकारी जागा आहे, पत्र कशाचं? तो आम्हाला परत वर घेऊन गेला. त्याच दगडापाशी थांबला, पायाने गवत बाजूला केलं. दगडावर आकडा होता, शेवाळाखाली. म्हणाला, "मॅडम, ही हद्द. अलीकडचं गावाचं, पलीकडे राखीव जंगल."

नावं आणि गाड्यांचे नंबर लिहून घेतले, समज दिली, सोडलं. मुलगी नऊ वर्षांची आहे. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, आपण चोरी केली का?" मला उत्तर देता आलं नाही.

आम्ही न विचारता गेलो असंही नाही. गेल्या महिन्यात मी एका कार्यालयात चौकशी करायला गेले होते. पहिल्या टेबलावर सांगितलं, फिरायला काही लागत नाही. दुसऱ्यावर सांगितलं, अर्ज द्या. अर्ज दिला. आठ दिवसांनी गेले तर अर्ज सापडेना, आणि तिसऱ्याने सांगितलं, ही जागा आमच्याकडे येतच नाही. मग ज्याने "काही लागत नाही" म्हटलं त्याच्यावर विश्वास ठेवून गेलो.

तर प्रश्न असा. अभयारण्याची सफारी मला कळते, तिकीट काढायचं आणि जायचं. पण बाकीची सरकारी जमीन? टेकड्या, तलावाचा काठ, धरणाची भिंत, माळरान? मुलांना घेऊन पायी फिरायचं तर कुणाला विचारायचं आणि काय लिहून द्यायचं? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा. घाई नाही.

—

काळाकोट | रविवार, रात्री १०:२५

ताई, चोरी नाही केली. पण कायद्याच्या भाषेत विनापरवाना प्रवेश झाला, हे खरं.

भारतीय वन अधिनियम १९२७ चा आहे. त्यात कलम २६ राखीव वनाबद्दल आहे. आग लावणं, झाड तोडणं, गुरं चारणं यांच्याच रांगेत तिथे अनधिकृत प्रवेशही बसवलेला आहे. म्हणजे फांदी न मोडता, कागद न टाकता नुसतं चालून आलात तरी त्या ओळीत सापडता. त्या मुलाने मनात आणलं असतं तर वनगुन्हा नोंदवला असता. पीओआर (वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल) फाडला की मग कलम ६८ प्रमाणे पैसे भरून तडजोड, नाहीतर कोर्ट. समज देऊन सोडलं, हे त्याचं चांगुलपण.

संरक्षित वन वेगळं. त्याला कलम ३३ लागतं आणि तिथे काय चालतं, काय नाही हे बरंचसं अधिसूचनेवर असतं. नुसत्या प्रवेशाची बंदी राखीव वनाइतकी सरसकट नाही. आगीची आहे.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागतो. कलम २७ सांगतं आत कोण जाऊ शकतं: कामावरचा सरकारी नोकर, परवानगी मिळालेला रहिवासी, आत ज्याची जमीन आहे तो, सार्वजनिक महामार्गावरून जाणारा आणि यातल्या पहिल्या तिघांवर अवलंबून असलेले. बाकी सगळ्यांना कलम २८ चा परवाना. तो कशासाठी मिळतो तेही लिहिलंय: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर कामकाज. सफारीचं तिकीट आपण सिनेमाच्या तिकिटासारखं समजतो, मुळात तो या कलमाखालचा प्रवेश परवाना आहे.

महामार्गावरून जायला परवाना लागत नाही, पण महामार्ग म्हणजे डांबर. गाडी थांबवून बाजूच्या झाडीत उतरलात की सूट संपली. जबलपूर रोडला पेंचमधून जाताना प्राण्यांसाठी बांधलेल्या पुलांखाली उतरून फोटो काढणारी कुटुंबं मी दर हिवाळ्यात पाहतो. त्या पुलांखालची जागा वाघाच्या येण्याजाण्याची आहे.

—

साग_ऐन_धावडा | सोमवार, सकाळी ६:१०

मी वनखात्यात चौतीस वर्षं काढली, वनरक्षक म्हणून लागलो. नाव-गाव सांगत नाही, पण या धाग्यावर लिहायलाच हवं असं वाटलं.

झुंजुरकाताई, तुम्हाला तीन टेबलांवर तीन उत्तरं मिळाली, याचं मला वाईट वाटलं. अर्ज हरवायला नको होता. पण तिसऱ्याने सांगितलेलं बहुतेक खरं असेल, आणि सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. "सरकारी जागा" असं काही नसतं. प्रत्येक तुकड्याला खातं असतं आणि त्या खात्याच्या आत पुन्हा वेगळा हात असतो.

नागपूरपुरतं सांगतो. जंगल प्रादेशिक वनविभागाचं असू शकतं. तिथे अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावे, प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला, म्हणजे रेंजरला. तेच जंगल पेंच व्याघ्र प्रकल्पाचं किंवा अभयारण्याचं असलं तर वन्यजीव शाखेकडे जावं लागतं, प्रादेशिकचा शिक्का तिथे चालत नाही. किंवा ते वनविकास महामंडळाचं असतं. हे महामंडळ १९७४ साली स्थापन झालं, सागाची लागवड आणि तोड त्यांची. गोरेवाडाही तेच पाहतात. शेजारी शेजारी दोन कक्ष, म्हणजे जंगलाचे क्रमांक दिलेले तुकडे, असतात, एक विभागाचा, एक महामंडळाचा. डोळ्यांना एकच जंगल दिसतं, मधे फक्त एक गाडीवाट किंवा जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा). शहरातले लोक म्हणतात, वनभवन सिव्हिल लाइन्समध्येच आहे, तिथे जाऊन विचारतो. अख्ख्या राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय आहे ते. टेकडीवर चहा प्यायची परवानगी तिथे मिळत नाही, ती परिक्षेत्रात मिळते.

म्हणून आधी कक्ष क्रमांक काढा. त्या मुलाने तुम्हाला दाखवलेला आकडा फुकट घालवू नका. गावाचं नाव आणि कक्ष क्रमांक अर्जात असला की टेबलावरचा माणूस "आमच्याकडे येत नाही" म्हणूच शकत नाही. येतं की नाही हे त्याला नकाशात लगेच दिसतं.

अर्जात काय असावं, मला काय वाचायला आवडायचं ते सांगतो. कोण कोण येणार, वय, फोन, जबाबदार माणूस एक. तारीख, आत शिरायची वेळ आणि बाहेर पडायची वेळ. "सकाळी" असं लिहू नका, ६:३० ते ९:३० असं लिहा. कोणत्या वाटेने जाणार आणि कोणत्या वाटेने परत. गाड्या कुठे लावणार. सोबत हमीपत्र: आग पेटवणार नाही, प्लास्टिक टाकणार नाही, स्पीकर लावणार नाही, वनोपज उचलणार नाही. पळसाची फुलंसुद्धा वनोपजच, मुलांना सांगून ठेवा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून पोच घ्या. तुमच्या पहिल्या अर्जाची पोच घेतली असती तर तो हरवला नसता. निदान कुणी हरवला हे कळलं असतं.

आणखी एक. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. या चार महिन्यांत रेंजर परवानगी द्यायला कां कू करतो, आणि त्याने करावंच. मी १९९० च्या दशकात एका उन्हाळ्यात सलग अकरा रात्री आग विझवली आहे. हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवायची, दुसरं हत्यार नव्हतं. त्यातल्या एका वणव्याची सुरुवात आम्ही शोधत गेलो तेव्हा तीन दगडांची चूल सापडली, बाजूला कोंबडीची पिसं आणि वांग्याच्या भरताची सालं. कुणीतरी सहलीला आलं होतं. चूल विझवली होती, पाणीही ओतलं होतं. पण मार्च महिन्यात पानगळीच्या थराखाली निखारा दोन दिवस जिवंत राहतो.

—

दोनचाकी | सोमवार, सकाळी ८:०२

काका, आदर ठेवून बोलतो. मी सायकल चालवतो, वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर, बराचसा या जिल्ह्यातच. मला हे पटत नाही. जमीन जनतेची, कर जनतेचा, आणि जनतेने सकाळी तीन तास चालायचं तर आधी अर्ज? ज्याला चोरून साग न्यायचा आहे तो अर्ज करतो का? अर्ज करणारा माणूस मुळात त्रास देणारा नसतोच. हा सगळा ताप सरळ माणसालाच होतो. त्यापेक्षा हद्दीवर पाट्या लावा, वाटा आखून द्या, नियम लिहा आणि फिरू द्या. आमचा राग जंगल सांभाळण्यावर नाही. कुठे जायचं नाही हे आम्हाला पकडल्यावर कळतं, राग त्याचा आहे.

—

साग_ऐन_धावडा | सोमवार, सकाळी ८:४५

पाट्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. आम्ही लावल्या, लोकांनी पत्रे काढून नेले, मग पुन्हा लावायला पैसे आले नाहीत. पण ही सबब झाली. हद्द दिसली पाहिजे.

अर्जाबद्दल मात्र मी वेगळं सांगेन. अर्ज चोर पकडायला नसतो. आत माणसं आहेत हे बीटगार्डला माहीत असावं म्हणून असतो. त्या दिवशी त्या बाजूला वाघीण पिलांसह असेल, तर तो तुम्हाला फोन करून थांबवेल. एका वनरक्षकाकडे काही हजार एकरांचं बीट असतं. तो एकटा असतो, हातात काठी. चौदा माणसं आत आहेत हे त्याला माहीतच नसेल तर तो काय करणार?

आणि परवाना घेतला म्हणजे सगळं झालं असंही नाही. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या सफारीत वाघीण आणि तिच्या पिलांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं. त्या सगळ्या गाड्यांकडे परवाना होता, तिकीट होतं, गाइड होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ती चित्रफीत पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही.

—

कोलितमारा_रोड | सोमवार, दुपारी १:३०

रामराम. मी पेंचच्या बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या पट्ट्यातल्या गावचा. गाइडचं काम करतो. शहरातल्या लोकांचं बोलणं झालं, आता गावाचं पण ऐका राजेहो.

तुमी जिथं फिराले येता तिथं आमची गुरं चरतात, आमच्या बाया सरपण आणतात, मोह वेचतात. आमच्या निस्तारपत्रकात, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्काच्या नोंदीत लिहून आहे, कोणत्या नंबरात चराई, कोणत्यात सरपण, कोणत्यात मुरूम. आमच्या आज्याच्या आधीपासून. २००६ चा वनहक्क कायदा आला, सामूहिक दावे झाले. म्हणून "सरकारी जागा, कोणाचीच नाही" असं लिहिता तेव्हा आमाले लागते. तुमाले कुंपण दिसलं नाही, पण आमाले तिथं प्रत्येक मोहाचं झाड कोणाच्या घरचं आहे ते पाठ आहे. तुमच्यातलं कोणी खाली पडलेली फुलं गंमत म्हणून ओंजळभर उचलून फोटो काढते, तेवढ्यासाठी एक बाई पहाटे चारला उठून आलेली असते.

रेंजरले विचारा, बरोबर आहे. पण गावातल्या समितीलेही विचारा. वन समिती असते, बफरमध्ये इडीसी म्हणजे ग्राम परिस्थितिकीय विकास समिती असते. पोलीस पाटलाले फोन करा, त्यात कमीपणा नाही. आमच्याकडे सिल्लारी, कोलितमारा भागात फिराले, सायकलले, बोटिंगले सोय आहे, तिकीट लागते, पैसे गावात राहतात. वाघोलीकडे आकाश पाहाले लोक येतात आता. २०२४ मध्ये पेंचले देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता भेटली. त्यासाठी आजूबाजूच्या गावातले रस्त्यावरचे दिवे बदलले, उजेड खाली पडेल असे. तिथंही नोंदणी करूनच या. रात्री आपल्या मनाने दुर्बीण घेऊन धरणाच्या काठी येऊन बसू नका.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली पहाटे जाऊ नका. अस्वल येते. वाघापेक्षा आमी अस्वलाले जास्त भेतो. वाघ सरकून जाते, अस्वल सरकत नाही.

—

दोनचाकी | सोमवार, दुपारी २:१५

भाऊ, मोहाच्या झाडाचं मला माहीत नव्हतं. मी स्वतः तसे फोटो काढले आहेत. पुढे नाही काढणार.

—

पाणकावळा | सोमवार, रात्री ८:५०

जंगलाचं बरंच आलं, मी पाण्याचं लिहितो. थंडीत पक्षी पाहायला मी उमरेडकडच्या तलावांवर जातो, सायकी, पारडगाव. गेली वीस वर्षं. पाण्याच्या बाबतीत हद्दीचा गोंधळ जंगलाहून मोठा आहे, कारण पाणी वाढतं, घटतं आणि जमीनही सोबत बदलते. जानेवारीत जिथे पट्टकदंब हंस चरतात, तिथे सप्टेंबरात कमरेएवढं पाणी होतं.

तलाव कुणाचा हे आधी पाहायचं. मोठी धरणं पाटबंधारे खात्याची. तोतलाडोह त्यांचं, पण त्याच्या सभोवती राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणून तिथे गळ टाकून बसणं हा थेट वन्यजीव कायद्याचा गुन्हा. तोतलाडोहातल्या मासेमारीवरून केवढे संघर्ष झालेत ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. नवेगाव खैरीचं पाणी खाली आहे, तिथले नियम वेगळे. त्यानंतर येतात मामा तलाव. नवीन वाचकांसाठी: मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारांनी, त्यांच्या आधी गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारात जमा झाले. आज पूर्व विदर्भात त्यातले बरेच जिल्हा परिषदेकडे आहेत. पाणी सिंचनाला, मासे मच्छीमार संस्थेला ठेक्याने. म्हणजे काठावर तंबू लावायला तुम्ही जिल्हा परिषदेला विचाराल, पण हौसेने गळ टाकायचा तर संस्थेला विचारलं पाहिजे. मासा त्यांनी पैसे भरून सोडलेला असतो. बीज टाकायला जूनमध्ये कर्ज काढतात ते लोक.

मी कधी लेखी परवानगी घेतली नाही, हे आज इथे कबूल करतो. काठावर बसून दुर्बिणीने पाहायला कुणी अडवलं नाही. पण दरवर्षी पहिल्या फेरीत संस्थेच्या माणसाला भेटतो, कोणत्या बाजूला जाळी लावली आहेत विचारतो, त्या बाजूला जात नाही. मागच्या वर्षी एक गट आला, त्यांना उडणारा थवा हवा होता. दगड मारले. दोनेकशे पक्षी उठले, त्या वर्षी त्या तलावावर परत बसले नाहीत.

पोहण्याबद्दल हात जोडून. झिल्पीला, खेकरानाल्याला दर पावसाळ्यात पोरं जातात आणि घरी बातमी येते. वरून पाणी शांत दिसतं, आत खदानीसारखा सरळ कडा असतो आणि तळाशी गाळ. जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. पूर्वीचं कलम १४४, आता नव्या संहितेचं १६३. तसा आदेश लागू असेल तर काठावर जाणंही गुन्हा ठरू शकतो. निघण्याआधी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात एक फोन करा.

—

काळाकोट | सोमवार, रात्री ९:३०

पाणकावळा दादांच्या मुद्द्याला जोडून. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २०: सार्वजनिक रस्ते, नद्या, नाले, तलाव आणि दुसऱ्या कुणाच्याही मालकीची नसलेली जमीन ही राज्य शासनाची. म्हणजे कुणाचंच नाही असं काहीच उरत नाही. शेवटी जिल्हाधिकारी आहेतच.

घरबसल्या तपासायचं तर महाभूलेखवर सातबारा काढा. जिल्हा, तालुका, मौजा (गाव), खसरा नंबर (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक). खसरा माहीत नसेल तर महाभूनकाशावर गावाचा नकाशा उघडून शोधा. मी गेल्या महिन्यात एका अशिलासाठी काढला होता. मालकाच्या रकान्यात फक्त "सरकार", आणि खाली "झुडपी जंगल".

झुडपी जंगल हा शब्द दिसला की थांबा, नागपूरकरांनी तर थांबायलाच हवं. राज्यात हा प्रकार आपल्याच भागात आहे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. मध्य प्रांताच्या काळात काटेरी झुडपांची, खुरट्या गवताची, गुरं चारायची म्हणून नोंदवलेली जमीन. वर्षानुवर्षं वाद होता, हे वन की महसुली जमीन. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की झुडपी जंगल वनजमीनच मानायची. १२ डिसेंबर १९९६ आधीच्या काही वाटपांना, घरांना, शाळांना संरक्षण दिलं, पण नवा मनमानी वापर बंद. ज्या माळरानावर आजवर पतंग उडवले, क्रिकेटची खेळपट्टी केली, तंबू लावून पैसे घेऊन "कॅम्प" भरवले, ते आता वनात येतं. पैसे घेऊन कॅम्प भरवणाऱ्यांनी तर माझ्यासारख्या कुणाला आधी भेटावं. स्वतः फिरणं वेगळं आणि तिकीट लावून फिरवणं वेगळं, दुसऱ्यात तुम्ही वनजमिनीचा व्यवसाय करता.

—

पंख_चार | सोमवार, रात्री १०:०५

ड्रोनचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. २०२१ चे ड्रोन नियम आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत लाल किंवा पिवळा पट्टा, ८ ते १२ किलोमीटरात २०० फुटांच्या वर पिवळा; दोन्हींत परवानगीशिवाय उडवता येत नाही. आपला विमानतळ शहराला चिकटून असल्यामुळे अर्धं नागपूर त्यात येतं. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहाच. अभयारण्यावर वनखात्याच्या परवानगीशिवाय अजिबात नको, हिरवा पट्टा दिसला तरी. गिधाडाने आणि गरुडाने ड्रोनवर झडप घातलेली मी पाहिली आहे. पंखा त्यांच्या पायात जातो.

—

रामदासपेठ_आजी | मंगळवार, सकाळी ७:२०

माझी लेक ॲरिझोनात असते. तिथे राहून आले, म्हणून दोनचाकीला एक गोष्ट सांगते.

तिच्या घराजवळ मोठं माळरान होतं, उंच उंच निवडुंगांचं. मला वाटलं मोकळी जागा आहे, सकाळी जाऊन यावं. लेक म्हणाली, आई, थांब, परवाना काढते. मोबाइलवर काढला, वर्षाचा, एका माणसाचे १५ डॉलर, कुटुंबाचे २०. मी विचारलं, सरकारी जमिनीला पैसे का? तर ती जमीन राज्याची असली तरी सार्वजनिक नाही. राज्य स्थापन होताना ती शाळांसाठी ठेव म्हणून दिलेली, तिच्यातून येणारा पैसा मुलांच्या शिक्षणाला जातो. म्हणून तिच्यावर चालायलाही परवाना, आणि तंबू वर्षात १४ दिवसांहून जास्त नाही. तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवताना मला एकदम आपल्या निस्ताराची आठवण झाली. माझे वडील पवनीकडचे. तिथे जमीन शाळेची, इथे गुराख्याची.

पण दोनचाकी, तुझंही बरोबर आहे बाळा. तिथे परवाना दोन मिनिटांत मिळाला. आपल्याकडेही मिळायला हवा.

—

दोनचाकी | मंगळवार, सकाळी ७:५५

आजी, बस हेच म्हणायचं होतं मला. परवाना असू दे, पण तो मिळण्याची वाट सरळ असू दे.

—

साग_ऐन_धावडा | मंगळवार, सकाळी ८:१०

मान्य.

तोवर ज्यांना अर्जाविना जायचं आहे त्यांच्यासाठी: अंबाझरीचं जैवविविधता उद्यान. दारावर तिकीट, आत चालायला आणि सायकलला वाटा, साडेसातशे हेक्टरांच्या आसपासचं राखीव वनच आहे ते, शहराच्या कुशीत. भल्या सकाळी जा. मोर, नीलगाय, गवतातले पक्षी. पहिल्यांदा मुलांना नेणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

—

झुंजुरका | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:१५

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत. आज परत जाऊन आलो, म्हणून सांगते.

काकांनी सांगितलं तसं केलं. त्या वनरक्षकाला शोधून त्याच्याकडून कक्ष क्रमांक घेतला. जागा प्रादेशिक विभागाचीच निघाली, पण आम्ही पहिला अर्ज दिला ते परिक्षेत्र वेगळं होतं, त्यामुळे "आमच्याकडे येत नाही" म्हणणारा माणूस खरं बोलत होता. दोन प्रती, चौदा नावं, ६:३० ते ९:३०, हमीपत्र. पोच घेतली, आवक क्रमांक वहीत लिहिला. सहाव्या दिवशी फोन आला, पत्र न्यायला या. एकाच पानाचं पत्र, आठ अटी. आग नाही, स्पीकर नाही, वनोपज नाही, ठरलेली वाट सोडायची नाही, आणि सोबत गावातला एक माणूस घ्यायचा. गावातल्या समितीच्या अध्यक्षांनी एका काकांना पाठवलं, त्यांना दिवसाची मजुरी दिली.

त्यांनी आम्हाला ठरलेल्या वाटेच्या तिसऱ्या वळणावर थांबवलं, पुढे नेलं नाही. मोहाखाली माती उकरलेली होती, ताजी, आत ओली. नखांच्या रेघा स्पष्ट. "रात्रीचं आहे," एवढंच म्हणाले आणि आम्हाला मागच्या मागे दुसऱ्या उताराने खाली आणलं. कोलितमारा भाऊंनी लिहिलं नसतं तर मी बहुतेक म्हटलं असतं, थोडं पुढे जाऊन पाहू या की.

उतरताना वनरक्षक दगडापाशी भेटला. पत्र पाहिलं, नावं मोजली. मग मुलीला म्हणाला, वाच आकडा. तिने बोटाने शेवाळ खरवडलं, वाचला, वहीत लिहून घेतला. त्याने तिला सांगितलं की पुढचा दगड त्या चारोळीच्या झाडाजवळ आहे आणि त्यावर एकाने जास्त आकडा असेल. ती पाहून आली. होता.

थर्मास आज आम्ही दगडाच्या अलीकडे ठेवला.

पुढची फेरी जूनअखेर, वणव्याचा हंगाम संपल्यावर, पहिला पाऊस पडला की. तोवर अंबाझरी. ज्यांना यायचं आहे त्यांनी नाव, वय आणि गाडीचा नंबर मे संपायच्या आत कळवा. अर्ज जूनच्या पहिल्या सोमवारी देणार आहे.

—

दोनचाकी | रविवार, दुपारी ३:४०

दोघं. मी ३४, मुलगा ८. गाडी नाही, सायकलने येऊ, त्या रकान्यात काय लिहायचं?

—

साग_ऐन_धावडा | रविवार, दुपारी ४:०५

"सायकल, दोन" असं लिहा. आणि माझं एक नाव घाला ताई. वय ६७.